कन्स्ट्रक्टर : ऑब्जेक्ट जन्मतःच पूर्ण हवा

तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्यातून माल बाहेर पडतो तेव्हा ड्रमवर लेबल असतं. औषधाचं नाव, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदत संपण्याची तारीख, उत्पादन परवान्याचा क्रमांक. लेबलावर काय काय असलं पाहिजे हे १९४५ च्या औषध नियमांनी ठरवून दिलं आहे. त्यातलं एखादं राहिलं तर ड्रम गोदामातच थांबतो, आणि हे तिथला नवा कामगारसुद्धा लवकरच शिकतो. त्याच बॅचची नोंद ठेवणारा वेब प्रोग्राम उघडून पाहिला तर मात्र पुष्कळदा निराळं दृश्य दिसतं. तिथे आधी एक कोरी बॅच तयार होते. चार ओळींनी तिला नाव मिळतं, आणखी खाली क्रमांक. मुदतीची तारीख भरणारी ओळ दुसऱ्याच फाइलमध्ये असते, आणि तीही कुठल्याशा अटीच्या आत. मधल्या सगळ्या वेळात ती बॅच अर्धवट असते. तशीच ती चलन छापणाऱ्या भागाकडे गेली तर चलनावर मुदतीची जागा कोरी छापली जाते आणि ट्रक गेटवर उभा राहतो.

हे टाळण्याची सोय भाषेतच आहे. क्लासमधून नवा ऑब्जेक्ट मागितला की जी मेथड सर्वांत आधी आपोआप चालते ती, म्हणजे कन्स्ट्रक्टर. पीएचपी या भाषेतल्या त्या एकाच मेथडविषयी हे पुस्तक आहे. एका मेथडसाठी अख्खं पुस्तक कशाला, असं वाचकाला वाटेल. बोईसर परिसरातल्या लहान-मध्यम कारखान्यांसाठी गेटपास, वजनकाटा, बॅच, चलन यांचे प्रोग्राम लिहिण्यात आणि इतरांनी लिहिलेले दुरुस्त करण्यात माझा कामाचा काळ गेला. त्यात ज्या चुका पुन्हा पुन्हा भेटल्या, त्यांतल्या बऱ्याचशा मागे मागे शोधत गेलं की एकाच ठिकाणी पोचायच्या : कुणीतरी ऑब्जेक्ट अर्धवट जन्माला घातला होता. जन्माची जागा नीट बांधली तर पुढच्या शेकडो ओळींतली तपासणी वाचते, हे माझं ठाम मत आहे. पुस्तकाचा सगळा भर त्यावरच आहे.

पुस्तक मराठीत लिहिण्याचं कारण बेटेगाव. बोईसरच्या पूर्वेला चिल्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. एका अंगाला तारापूरची कारखानदारी, दुसऱ्या अंगाला मुंबई-अहमदाबाद महामार्ग. याच गावात थीम कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग आहे. पालघर, डहाणू, सफाळे, विरार अशा ठिकाणांहून मुलंमुली लोकलने बोईसरला उतरतात आणि तिथून पुढे येतात. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणूपर्यंत जाऊ लागली, तेव्हापासून या पट्ट्यातून शिकायला येणाऱ्यांची वाट थोडी सोपी झाली. यातली कितीतरी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. तर्क त्यांना पटकन कळतो. पण इंग्रजी पुस्तकातलं कन्स्ट्रक्टरचं प्रकरण ती पाठ करतात, कारण त्यातली उदाहरणं त्यांची नसतात. मोटारगाडीचा क्लास, कुत्र्याचा क्लास, पिझ्झाचा क्लास. ज्याच्या घरचं माणूस तारापूरच्या कारखान्यात पाळी करतं त्याला बॅच म्हणजे काय, ती अर्धवट असली तर काय होतं, हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणून पुस्तकभर एकच उदाहरण वाढत जातं : बॅच, तिचे ड्रम, ड्रमांचं वजन आणि शेवटी चलन.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय जुना कोड वाचता येत नाही. रास्मुस लेर्डोर्फ यांनी १९९४ च्या सुमारास स्वतःच्या वेबपानासाठी लिहिलेली साधनं १९९५ साली सर्वांसाठी खुली केली, त्यातून पीएचपी घडत गेली. क्लास-ऑब्जेक्टचा विचार तिच्यात नंतर आला आणि सुरुवातीला कच्चाच आला. चौथ्या आवृत्तीपर्यंत नियम असा होता की क्लासचं जे नाव तेच मेथडचं नाव असेल तर ती मेथड कन्स्ट्रक्टर. वरवर सोयीचा वाटणारा हा नियम फार त्रासदायक ठरला. क्लासचं नाव बदललं आणि मेथडचं बदलायचं राहिलं, की कन्स्ट्रक्टर मुकाट्याने साधी मेथड होऊन जायचा. भाषा तक्रारही करायची नाही. उलटही घडायचं. ‘रिपोर्ट’ नावाच्या क्लासमध्ये कुणी अहवाल छापण्यासाठी ‘रिपोर्ट’ नावाची मेथड लिहिली, की लिहिणाऱ्याच्या मनात नसताना ती कन्स्ट्रक्टर व्हायची, कारण इंग्रजीतल्या लहान-मोठ्या लिपीचा फरक पीएचपी या नावांत पाहत नाही. २००४ च्या पाचव्या आवृत्तीने या मेथडला ठरावीक नाव दिलं : आधी दोन अंडरस्कोअर आणि मग ‘कन्स्ट्रक्ट’. क्लासचं नाव काहीही असो, कन्स्ट्रक्टरचं नाव हेच.

जुनी पद्धत मात्र लगेच गेली नाही. २०१५ च्या सातव्या आवृत्तीने ती कालबाह्य ठरवून इशारा द्यायला सुरुवात केली आणि २०२० च्या आठव्या आवृत्तीने ती काढून टाकली. त्याच २०१५ साली पीएचपीवरच चालणाऱ्या वर्डप्रेसने आपल्या ४.३ आवृत्तीत विजेटसाठीची जुनी कन्स्ट्रक्टर-पद्धत कालबाह्य ठरवली, आणि जगभरच्या प्लगिन लिहिणाऱ्यांना आपापले क्लास उघडून बघावे लागले. तुम्ही रोज वाचता ती कितीतरी मराठी संकेतस्थळं या भाषेवर उभी आहेत. २००३ पासून चालणारा मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, तीही पीएचपीत लिहिलेली आहे. पीएचपी संपली, असं कॉलेजच्या आवारात अधूनमधून ऐकू येतं. तारापूरच्या कारखान्यांत फिरून पाहा, ती तिथे रोज काम करताना दिसेल.

जुन्या आवृत्तीवर चालणाऱ्या प्रोग्रामला हात लावायची वेळ आली तर आणखी एक तारीख लक्षात ठेवा : डिसेंबर २०१६, आवृत्ती ७.१. त्याआधी कन्स्ट्रक्टरने तीन गोष्टी मागितल्या आणि तुम्ही दोनच दिल्या, तर पीएचपी फक्त एक इशारा नोंदवायची आणि पुढे जायची. ऑब्जेक्ट तयार व्हायचा आणि तिसऱ्या जागी काहीच नसायचं. सर्व्हरवर इशारे दाखवणं बहुधा बंदच ठेवलेलं असतं, त्यामुळे कुणाला पत्ताही लागायचा नाही. ७.१ पासून तिथे एरर फेकला जातो आणि काम जागीच थांबतं. मग २०१९ च्या ७.४ ने प्रॉपर्टीला प्रकार लावण्याची मुभा दिली. प्रकार लावलेली पण न भरलेली प्रॉपर्टी वाचायला गेलात तर भाषा अडवते. त्याआधी ती निमूटपणे ‘नल’ हातात ठेवायची. हे दोन बदल माझ्या मते पीएचपीच्या सगळ्या नव्या गोष्टींत मोलाचे आहेत, जरी त्यांचा गाजावाजा कमी झाला. आठव्या आवृत्तीची जास्त चर्चा झालेली सोय, म्हणजे कन्स्ट्रक्टरच्या कंसातच प्रॉपर्टी जाहीर करणं, ही लिहिण्याचे कष्ट वाचवते. पूर्वी एकाच प्रॉपर्टीचं नाव चार वेळा लिहावं लागे, आता एकदा. त्यात २०२१ च्या ८.१ मधलं ‘रीडओन्ली’ जोडलं की एकदा दिलेला बॅच क्रमांक पुढे कुणाला बदलता येत नाही. औषधाच्या बॅचला हेच शोभतं.

बेटेगावच्या विद्यार्थ्यांसाठी इथे एक गोष्ट खास सांगायची आहे. तुम्ही दुसऱ्या वर्षाला जावा शिकून पीएचपीकडे येता आणि जावाच्या सवयी बरोबर आणता. त्यातल्या दोन इथे दगा देतात. पहिली अशी : जावात एका क्लासला अनेक कन्स्ट्रक्टर देता येतात, पीएचपीत एकच. दुसरी अधिक घातक आहे. जावात मुलाच्या क्लासचा कन्स्ट्रक्टर चालताना आईच्या क्लासचा, म्हणजे ज्या क्लासवरून तो वाढवला त्याचा, कन्स्ट्रक्टर चालतोच. तुम्ही बोलावला नाहीत तर भाषा स्वतः बोलावते. जावास्क्रिप्टच्या क्लासमध्ये तो बोलवायला विसरलात तर एरर येतो. पीएचपी यातलं काहीच करत नाही. मुलाच्या क्लासने स्वतःचा कन्स्ट्रक्टर लिहिला की आईचा चालवायची जबाबदारी पूर्णपणे लिहिणाऱ्याची. ती ओळ विसरली तर आईच्या वाट्याच्या प्रॉपर्टी कोऱ्या राहतात आणि त्या क्षणी कुणीही ओरडत नाही. पुढे कुठेतरी, दुसऱ्याच पानावर, त्या वाचल्या गेल्या की गडबड उघडी पडते. चौथं प्रकरण सगळं याच गोष्टीवर आहे, ते घाईने वाचू नका.

पण भाषा अडवते म्हणून निर्धास्त होता येत नाही. भाषा पाहते ती जागा भरली आहे का आणि प्रकार जुळतो का, एवढंच. भरलेली गोष्ट खरी आहे का, हे पाहणं कन्स्ट्रक्टर लिहिणाऱ्याचं काम आहे. तारखेचंच उदाहरण घ्या, कारण आपल्याकडे तारखेने जितका घोळ होतो तितका दुसऱ्या कशाने होत नाही. फॉर्म भरणारा ०३/०४/२०२५ लिहितो तेव्हा त्याच्या मनात तीन एप्रिल असतो. पीएचपीच्या तारखेच्या क्लासला हाच मजकूर जसाच्या तसा दिला तर तिरप्या रेघा पाहून तो अमेरिकी रीत धरतो आणि चार मार्च समजतो. मधे तिरप्या रेघांऐवजी आडव्या असत्या तर त्याने तीन एप्रिलच वाचलं असतं. तारीख तेरा किंवा त्यापुढची असेल तर तेरावा महिना सापडत नाही म्हणून एक्सेप्शन येतं. म्हणजे महिन्याच्या बारा तारखेपर्यंत सगळं सुरळीत चालल्यासारखं दिसतं आणि नोंदी चुकत राहतात, मग तेराव्या दिवशी प्रोग्राम बंद पडतो. दुरुस्त करणारा तेराव्या दिवसाची चूक शोधत बसतो. आधीच्या बारा दिवसांच्या नोंदी चुकीच्या आहेत हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे कोरी चौकट. मुदतीच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही आणि तो कोरा मजकूर तारखेच्या क्लासकडे गेला, तर तो त्याचा अर्थ ‘आत्ता’ असा घेतो. बॅचची मुदत आजच संपली! ३० फेब्रुवारी दिला तर तो नाकारत नाही, पुढे सरकवून मार्चमधली तारीख देतो. प्रकार जुळतो, जागा भरते, भाषेची काही हरकत नाही आणि नोंद मात्र खोटी. म्हणून बॅचच्या कन्स्ट्रक्टरने तयार तारीखच मागावी, मजकूर मागू नये. मजकुरातून तारीख वाचण्याचं काम ‘फॉर्मवरून’ अशा नावाच्या वेगळ्या स्टॅटिक मेथडकडे द्यावं. तिथे दिवस-महिना-वर्ष हा क्रम स्पष्ट सांगावा, कोरी चौकट परतवावी आणि मगच कन्स्ट्रक्टरला हाक मारावी. डेटाबेसमधून येणाऱ्या तारखेची मांडणी वेगळी असते, तिच्यासाठी ‘डेटाबेसवरून’ अशी दुसरी मेथड. एकच कन्स्ट्रक्टर असण्याची जी अडचण वाटत होती ती इथे फायद्याची होते : रस्ते कितीही असले तरी दार एक राहतं, आणि मुदत उत्पादनाच्या तारखेनंतरची आहे का, क्रमांक कोरा तर नाही, वजन शून्याहून जास्त आहे का, ही तपासणी त्या दारात एकदाच लिहावी लागते. तपासणीत काही नापास झालं तर कन्स्ट्रक्टरने एक्सेप्शन फेकावं. तसं केलं की ऑब्जेक्ट मागणाऱ्याच्या हाती पडतच नाही. अर्धवट बॅच प्रोग्रामात कुठेही असू शकत नाही, अशी खात्री मिळते.

तारखेचं आणखी थोडं. पीएचपीत तारखेचे दोन क्लास आहेत, एकातली तारीख बदलता येते आणि दुसऱ्यातली येत नाही. बदलता येणारी तारीख ‘रीडओन्ली’ प्रॉपर्टीत ठेवली तर प्रॉपर्टी बदलत नाही, पण आतली तारीख बाहेरून हलवता येते. २०१३ पासून उपलब्ध असलेला न बदलणारा क्लासच वापरावा. अपवाद करण्याचं कारण मला आजवर दिसलेलं नाही.

कन्स्ट्रक्टरने काय करावं याइतकंच त्याने काय करू नये हेही महत्त्वाचं आहे, आणि इथे वेबच्या भाषेचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. नेहमीच्या मांडणीत पीएचपी प्रत्येक पानाच्या मागणीला कोऱ्या पाटीने सुरुवात करते. पान तयार झालं की सगळे ऑब्जेक्ट नाहीसे होतात आणि पुढच्या मागणीला पुन्हा जन्मतात. म्हणजे कन्स्ट्रक्टर इथे प्रत्येक क्लिकला धावतो. त्यात कुणी डेटाबेसची जोडणी उघडली, मेल पाठवला किंवा फाइल लिहिली तर ते प्रत्येक क्लिकला होणार. चाळीस ड्रमांची यादी दाखवणाऱ्या पानावर चाळीस ड्रम जन्मतात. प्रत्येकाने स्वतःची जोडणी उघडली तर यादी उघडायला लागणारा वेळ गेटवरचा माणूस हातातलं काम टाकून मोजतो. कन्स्ट्रक्टरने लागेल ते बाहेरून मागावं, तपासावं, ठेवून घ्यावं आणि थांबावं. जोडणी बाहेरून मागण्याचा दुसराही लाभ आहे. विद्यार्थ्याकडे घरी कारखान्याचा डेटाबेस नसतो. कन्स्ट्रक्टर स्वतःच जोडणी उघडत असेल तर तो क्लास घरच्या लॅपटॉपवर तपासताच येत नाही. बाहेरून मागत असेल तर खोटी, तात्पुरती जोडणी देऊन तपासता येतो.

एवढं करूनही काही आडवाटा उरतात, आणि त्यांच्याविषयी नवशिक्यांच्या पुस्तकांत क्वचितच लिहिलेलं असतं. सेशनमध्ये ठेवलेला ऑब्जेक्ट पुढच्या पानावर परत येतो तेव्हा त्याचा कन्स्ट्रक्टर चालत नाही. जुनी माहिती उलगडून ऑब्जेक्ट थेट उभा केला जातो. काल क्लासमध्ये नवी प्रॉपर्टी घातली असेल तर आज सेशनमधून आलेल्या बॅचमध्ये ती भरलेली नसते. दुसरी आडवाट पीडीओची, म्हणजे डेटाबेसशी बोलण्याच्या पीएचपीतल्या सोयीची. डेटाबेसची ओळ थेट ऑब्जेक्टमध्ये भरण्याची जी रीत आहे, तिच्यात पीडीओ आधी प्रॉपर्टी भरतो आणि नंतर कन्स्ट्रक्टर चालवतो. कन्स्ट्रक्टरने आपली सुरुवातीची मूल्यं टाकली तर डेटाबेसमधून आलेली पुसली जातात. हा क्रम उलटा करण्याची खूण पीडीओत आहे. ती सहाव्या प्रकरणात दाखवली आहे, पण माझा सल्ला असा की ओळ साध्या ॲरेमध्ये घ्या आणि ‘डेटाबेसवरून’ या मेथडला द्या. चार ओळी जास्त लिहाव्या लागतील, पण दार एकच राहील.

पहिल्या दोन प्रकरणांत क्लासची आणि प्रॉपर्टीची नावं देवनागरीत आहेत. पीएचपीला ती चालतात. ‘बॅच’ या क्लासमध्ये ‘क्रमांक’ ही प्रॉपर्टी लिहून चालवून बघा. शिकताना याचा उपयोग होतो, कारण भाषेचे शब्द कुठले आणि आपण दिलेली नावं कुठली हे एका नजरेत वेगळं दिसतं. पण पीएचपी नावं अक्षरांनी न जुळवता बाइटनी जुळवते. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य टाइप करण्याच्या एकाहून अधिक रीती आहेत. पडद्यावर त्या सारख्याच दिसतात आणि भाषेच्या लेखी ती वेगळी नावं ठरतात. दोन जण दोन कीबोर्डांवर काम करत असतील तर ही चूक डोळ्यांना सापडणार नाही. म्हणून तिसऱ्या प्रकरणापासून नावं रोमन लिपीत आहेत. कारखान्याच्या कामातही तशीच ठेवा, समजुतीच्या टिपा मात्र खुशाल मराठीत लिहा.

या प्रस्तावनेत कोड दिलेला नाही. तो पुढच्या पानांवर भरपूर आहे. सगळी उदाहरणं पीएचपी ८.१ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर चालतात, त्याहून जुनी आवृत्ती असेल तर आधी ती बदलून घ्या. उदाहरणं उतरवून न घेता स्वतः टाइप करा. क्लास लिहून झाला की त्याला मुद्दाम वाईट माहिती द्या : कोरा क्रमांक, उत्पादनाआधी संपणारी मुदत, उणे वजन. ऑब्जेक्ट तयार झाला तर कन्स्ट्रक्टर पुन्हा लिहा, आणि तो अडेपर्यंत पुढच्या प्रकरणाकडे जाऊ नका.